वजन चाकावर आलं पायजे

खोली भाड्यानं द्यायची म्हटल्यावर मालक काय विचारतो? गाव कुठलं, नोकरी कुठं, लग्न झालंय का, मटण खाता का. जुळे सोलापुरात मी सहा घरं पाहिली आणि सहाही ठिकाणी ही तोंडी परीक्षा देऊन मटणाच्या पेपरात नापास झालो. सातव्या घराच्या मालकानं मला एक प्रश्न विचारला नाही. जिना उतरून ते थेट माझ्या स्कूटरकडं गेले, ती स्टँडवर चढवली, खाली बसले, मागचं चाक हातानं गरागरा फिरवलं आणि मला म्हणाले, "दाब."

मी ब्रेक दाबला. चाक आणखी दीड वेढा फिरलं आणि मग, मर्जीनं, थांबलं.

म्हाताऱ्यानं शर्टाच्या खिशातून खडू काढला आणि माझ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर ही एवढी मोठी फुली मारली.

"सिक हाय ही. नीट करून आण, मग खोली बगू."

"अहो पण, खोलीचा आणि ब्रेकचा काय संबंध?"

"ज्याला थांबता येत न्हाय त्याला मी घरात घेत न्हाय," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मला असा राग आला म्हणता! पण उरलेल्या सोलापुरात शाकाहारी असल्याचं नाटक करत हिंडण्यापेक्षा ब्रेक बदलणं सोपं होतं. संध्याकाळी परत गेलो. पुन्हा चाक फिरलं, पुन्हा "दाब" झालं. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी आपल्याच शर्टाच्या बाहीनं फुली पुसली आणि म्हणाले, "फिट." पुढच्या दोन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पाच-सहा वेळाच ऐकला असेन.

त्यांचं नाव सांगत नाही. माणूस अजून हयात आहे आणि हे वाचलं तर फुली मारायला माझ्या गावापर्यंत येईल. सगळी कॉलनी त्यांना अप्पा म्हणायची, मीही अप्पाच म्हणतो.

अप्पांची सगळी नोकरी कुर्डुवाडीला, रेल्वेच्या कारखान्यात ब्रेक फिटर म्हणून गेली. तिथली रीत अशी की डब्यात खोट सापडली की त्याच्यावर खडूनं खूण करायची. मग तो डबा 'सिक', आजारी. त्याला गाडीतून तोडून वेगळ्या रुळावर न्यायचं, त्या रुळाला सिक लाइन म्हणायचं. दुरुस्त झाला की खूण पुसायची, डबा फिट. अप्पा रिटायर झाले, पण खडू झाला नाही. सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि त्याच पांढऱ्या बोटांनी खडू उचलून दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर फुल्या मारत सुटायचे. शेजाऱ्यांचं गेट, सोसायटीचा पंप, दवाखान्यातलं बीपीचं यंत्र, कशालाच सुट्टी नाही. अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, एक भाचा होता. बोलायला लागला की थांबायचाच नाही. एकदा अप्पांनी गुपचूप त्याच्या पाठीवर फुली मारली आणि तो ती पाठीवर घेऊन एसटीनं मोहोळपर्यंत गेला. बायकोनं घरी गेल्यावर सांगितलं म्हणे.

खुद्द अप्पांवर चालणारा ब्रेक जगात एकच होता, अक्का. नवरा-बायको मराठीत बोलायची आणि कानडीत भांडायची. मला कानडीचा क येत नाही, पण एक शब्द दोन महिन्यांत पाठ झाला. अप्पांचा पट्टा सुरू झाला की अक्का भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायच्या, "साकु." म्हणजे पुरे. अप्पा अर्ध्या वाक्यात थांबायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "अप्पा, अक्कांचा ब्रेक लई भारी आहे." तर म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, अजून लायनर बदललेलं न्हाय."

आता माझं. मी एका लहानशा विमान कंपनीत काउंटरवर होतो. निळा शर्ट, गळ्यात पट्टा, तोंडावर 'नमस्कार सर'. सोलापुरात विमान सुरू झाल्याचं सगळ्या गावाला कौतुक. जो तो मला विचारायचा, तिकीट स्वस्तात मिळेल का, आत खायला देतात का, हवाईसुंदरी कशी आहे. अप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं ते थांबतंय कसं?"

"ब्रेक असतात की."

"चाकाला?"

"हो."

"टेकल्या टेकल्या चाकावर वजन असतंय का?"

मला विमानातलं पाणी आणि संडास कुठं असतो तेवढं माहीत.

"नोकरी विमानात करतोय आणि थांबतंय कसं म्हायती न्हाय," अप्पा म्हणाले. त्यांचा हात खिशाकडं गेला. अक्का आतून म्हणाल्या, "साकु!" म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या इंजिनियरला गाठलं. हा माणूस कायम तापलेला, पण विमानाबद्दल विचारलं की पाघळायचा. त्यानं मला पंखाखाली उभं करून समजावलं. आमचं विमान पंख्याचं, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं. असली विमानं आखूड धावपट्टीवर उतरायची असतात. पण चाक टेकलं म्हणून विमान जमिनीवर आलं असं होत नाही. वेग असतो तोवर पंख त्याला वर धरूनच ठेवतो. चाकं नुसती जमिनीला चाटत असतात, तेव्हा ब्रेक लावून काय कपाळ धरणार? म्हणून काही विमानांना पंखाच्या पाठीवर झडपा असतात. त्यांना स्पॉयलर म्हणतात. चाकं टेकली की त्या फटकन उभ्या राहतात, पंखावरची हवा मोडतात, पंखाची पकड सुटते आणि सगळं वजन धपकन चाकांवर येतं. मग ब्रेक चावतो. शिवाय पंख्याची पातीही फिरून हवेला आडवी होतात, तीही विमानाला मागं ओढतात.

हे मी संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स. लेकीचं लग्न ठरल्यावरसुद्धा एवढे खूश नसतील झाले, अक्का म्हणाल्या.

"रिकामा डबा!" अप्पा ओरडले. "अरं, हेच की! भरलेल्या डब्याला जेवढा ब्रेक लावतोय तेवढा रिकाम्याला लावला तर चाक घसरतंय. म्हणून डब्याला दांडा असतोय, रिकामा का भरलेला, त्या हिशोबानं फिरवायचा. आनि हे येडं विमान उतरताना रिकामं असतंय, झडप उठली की भरतंय! वजन चाकावर आलं पायजे! वजन चाकावर आल्याबिगर ब्रेकचा उपयोग न्हाय, मग तो डबा असू दे, विमान असू दे, न्हायतर मानूस!"

झालं. त्या दिवसापासून अप्पांना आयुष्यात दुसरं काम उरलं नाही.

आमच्या घरामागं मोकळं रान, रानापलीकडं विमानतळाची भिंत, आणि धावपट्टीचं एक टोक बरोबर आमच्या गच्चीच्या समोर. वारा एकीकडचा असला की विमान पलीकडून, आमच्याकडं तोंड करून उतरायचं. उलटा असला की आमच्या डोक्यावरून जाऊन, आम्हाला पाठ दाखवत उतरायचं. अप्पांनी जुन्या बाजारातून एका डोळ्याची दुर्बीण आणली. गच्चीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं चार रेघा ओढल्या. खुर्ची एका ठरावीक फरशीवर ठेवून बसलं की प्रत्येक रेघ धावपट्टीवरच्या एकेका जागेवर यायची. विमान कुठल्या रेघेला टेकलं, झडपा उठल्या का, कुठल्या रेघेला वेग मोडला, सगळं वहीत. सकाळचं विमान, संध्याकाळचं विमान. अक्का चहा वर आणून द्यायच्या, तो गार व्हायचा, अक्का तोच गरम करून स्वतः प्यायच्या.

मऊ उतरणाऱ्या पायलटवर अप्पांचा भारी राग. "फुलासारखं टेकवतोय म्हने. अरं, फुलासारखं टेकवायला तू काय देवाला वाहतोयस का? तेवढ्यात दोन रेघा खाल्ल्या की!" आमचे प्रवासी बरोबर उलटे. विमान दणकन टेकलं की खाली उतरून माझ्यावर डाफरायचे, कंबर मोडली, पायलटला येत नाही. मी अप्पांचं वाक्य त्यांना ऐकवायचो, "सर, वजन चाकावर आलं पायजे." ते आणखी भडकायचे.

सगळ्यात दणकेबाज उतरणारा एक पायलट अप्पांचा लाडका होता. कायम पहिल्या रेघेला टेकणार आणि दुसरी यायच्या आत वेग मोडणार. वहीत त्याच्या उतरण्यासमोर चक्क 'फिट' लिहिलेलं. मी तारखा बघून म्हटलं, "अप्पा, ती बाई आहे. नागपूरकडच्या कॅप्टन मॅडम." अप्पा आत अक्कांकडं बघून म्हणाले, "वाटलंच मला. थांबवायचं काम बायकांनाच जमतंय." दुसऱ्या दिवशी मॅडमसाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी माझ्या डब्याबरोबर गेली. मॅडम खो खो हसल्या आणि चटणी घेऊन गेल्या. मग हे नेहमीचंच झालं.

मधे एक प्रसंग झाला. कुणीतरी तक्रार केली की एक म्हातारा दुर्बीण लावून विमानतळावर पाळत ठेवतो. एक हवालदार मोटरसायकलवर चौकशीला आला. अप्पांनी आधी त्याच्या मोटरसायकलभोवती एक फेरी मारली, मग त्याला गच्चीवर नेऊन अर्धा तास झडपा समजावल्या. तो घाम पुसत खाली आला तर त्याच्या मोटरसायकलच्या टाकीवर फुली. "पुढचा ब्रेक सिक हाय साहेब," अप्पा वरून म्हणाले. हवालदारानं दाबून बघितला. खरंच लागत नव्हता. परत कुणी चौकशीला आलं नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं. आणि एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो तर अप्पा जिन्यातच उभे.

"झडप उठली न्हाय."

"काय?"

"उजव्या पंखावरची. दोन दिवस झाले बगतोय. डावी उठती, उजवी न्हाय. जा, मॅडमला सांग."

आता मला सांगा, काउंटरवर बसणाऱ्या पोरानं कॅप्टनला जाऊन सांगायचं की आमचे घरमालक गच्चीवरून बघतात आणि त्यांच्या मते तुमचं विमान आजारी आहे? मी आपला भीतभीत इंजिनियरला विचारलं. तो उखडला. "झडप नाही उठली तर पायलटसमोर दिवा लागतो! परवाच तपासलीय मी! तुझ्या मालकाला सांग, हा कुर्डुवाडीचा डबा नाही!" ही बातमी अर्ध्या तासात सगळ्या ऑफिसात. "काय बे, तुझा म्हातारा आज काय म्हणतोय? शेपूट सिक आहे का?" मीही हसलो. हसलो काय, अप्पांची नक्कल करून दाखवली. चांगली जमायची मला.

रात्री अप्पांनी विचारलं, "सांगितलंस का मॅडमला?"

"सांगितलं अप्पा. बघते म्हणाल्या."

धडधडीत खोटं. पण म्हटलं, म्हातारा गप्प बसेल.

म्हातारा कसला गप्प बसतोय. रोज वही, रोज 'उजवी उठली न्हाय', रोज मला "परत सांग", आणि रोज मी "सांगितलं". दोन आठवड्यांनी वारा फिरला. विमान डोक्यावरून जाऊन पाठ दाखवत उतरायला लागलं. त्या संध्याकाळी अप्पांचा चेहरा पांढराफटक होता.

"आता डावी उठंना," ते म्हणाले. "उजवी उठली आज. डावी गेली. रोग हिकडनं तिकडं पसरला, लेका."

मी आत जाऊन पोट धरून हसलो. आज लिहितानाही लाज वाटते.

हसू बंद झालं ते अक्कांच्या तिकिटामुळं. अप्पांची एकुलती लेक मुंबईत असायची. बाळंतपण जवळ आलेलं. आधी एक मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळं पोरगी घाबरलेली, रोज फोनवर रडायची, "अक्का, तू ये." अक्कांचे गुडघे गेलेले, रेल्वेत रात्रभर बसणं जमणारं नव्हतं. जावयानं विमानाचं तिकीट पाठवलं. अक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. चार दिवस आधी पिशवी भरून ठेवली होती, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, सगळं.

अप्पांनी पिशवीवर फुली मारली.

त्या रात्री खाली कानडीचा नुसता पाऊस पडला. 'साकु' दहा वेळा ऐकू आलं. पहिल्यांदाच ब्रेक लागला नाही.

सकाळी मी काउंटरवर होतो. अक्का रिक्षातून उतरल्या, हातात फुलीची पिशवी, मागं अप्पा, काखेत वही. अप्पांनी अक्कांच्या हातातून पिशवी घेतली, लॉबीत मधोमध खाली ठेवली आणि तिच्यावर पाय देऊन खुर्चीत बसले.

"ही जानार न्हाय," ते मला म्हणाले. "दोन्ही झडपा सिक असलेल्या विमानात माझी बायको जानार न्हाय. मॅडमला बोलव."

"अप्पा, अहो लोक बघतायत."

"बगू दे. त्यांनाबी सांगतो."

अक्का उभ्याच होत्या. भांडत नव्हत्या, रडत नव्हत्या. मला एवढंच म्हणाल्या, "पोरगी वाट बगालीय रे. काय तरी कर."

तेवढ्यात मुंबईचं विमान उतरलं. मॅडमच घेऊन आल्या होत्या. मी धावत गेलो, जे तोंडाला येईल ते सांगितलं. पाच मिनिटं मिळतील का म्हटलं. "चटणीवाले काका ना?" म्हणाल्या आणि खरंच लॉबीत आल्या. अप्पा उठून उभे राहिले. सलाम ठोकावा तसे.

"मॅडम, तीन आठवडे झाले ह्याच्याकडनं निरोप देतोय. झडप उठत न्हाय."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "मला तर कोणीच काही नाही सांगितलं, काका. आजच कळतंय."

अप्पांनी माझ्याकडं मान वळवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडमना मात्र हसू आलं नाही. आमच्या सगळ्या ऑफिसात न हसलेलं ते पहिलंच माणूस. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या पानं चाळली. मग खाली बसून पुन्हा पहिल्यापासून चाळली. "काका, इथपर्यंत उजवी झडप. तेव्हा विमान तुमच्याकडं तोंड करून येत होतं?"

"व्हय."

"आणि इथून पुढं डावी. तेव्हा पाठमोरं?"

"व्हय. रोग पसरला ना."

मॅडमनी वही मिटली. "तोंड करून येणाऱ्या विमानाचा उजवा पंख तुमच्या कुठल्या हाताला येतो?"

अप्पांनी हात पुढं करून हिशोब केला. "डाव्या."

"आणि पाठमोऱ्या विमानाचा डावा?"

अप्पांचा हात तिथंच राहिला. "डाव्याच."

"म्हणजे दोन्ही वेळेला जी झडप दिसली नाही, ती तुमच्या डाव्या हाताची." त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "दुर्बीण कुठल्या डोळ्याला लावता?"

"उजव्या."

"डावा डोळा हातानं झाका बरं. माझ्या नाकाकडं पाहा. मान हलवू नका. मी पेन दाखवते, दिसला की सांगा."

अप्पांनी डोळा झाकला. मॅडमनी खिशातला पेन काढला आणि त्यांच्या डाव्या अंगाला धरून हलवायला लागल्या. मी बघत होतो, अक्का बघत होत्या, समोरच्या बाकावरचे प्रवासीसुद्धा बघत होते. पेन हलत होता.

"काढा की मग पेन," अप्पा म्हणाले.

मॅडमनी पेन हळूहळू मधे आणला. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा अप्पा दचकले. "हा कुटनं आला?"

"केव्हाचा इथंच होता, काका. एरवी तुमचा डावा डोळा सांभाळून घेतोय, म्हणून कळलं नाही. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. काचबिंदू असावा. मी डॉक्टर नाही, पण आजच्या आज दाखवा. वाट नका पाहू."

अप्पा मटकन खाली बसले. जन्मभर दुसऱ्याच्या खोटी काढणारा माणूस. त्यांचा हात सवयीनं खिशात गेला, खडू बाहेर आला, आणि तो कुठं टेकवायचा ते त्यांना कळेना. बोटांत धरून नुसते बसून राहिले.

अक्का पुढं झाल्या. चाळीस वर्षांत त्या खडूला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांनी तो अप्पांच्या बोटांतून काढून घेतला, दुसऱ्या हातानं त्यांचा शर्ट सारखा केला आणि खिशावर, दोन सरळ रेघांची, नीट फुली मारली.

"सिक," अक्का म्हणाल्या. "सिक डबा आपल्या मनानं जात न्हाय, न्हेतील तिकडं जातोय. तुमीच सांगत आलाय की. उठा आता. मुंबईला लेक हाय, मोठे डॉक्टर हायेत."

"पन घर—"

"साकु."

आणि ब्रेक लागला. विमानात जागा होती, तिकीट तिथंच काढलं. रेल्वे पेन्शनीचं ओळखपत्र अप्पांच्या खिशात कायमच असायचं. अंगावरच्या कपड्यांनिशी, खिशावर फुली घेऊन ते माझ्या काउंटरवरून पुढं गेले. मी बोर्डिंग पास दिला तो त्यांनी माझ्याकडं न बघता घेतला.

पुढचं अक्कांनी फोनवर सांगितलं. अप्पा पंखामागच्या खिडकीत बसले. मुंबईत चाकं दणकन टेकली आणि अप्पा सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं ओरडले, "उठल्या! सगळ्या उठल्या!" पुढचे लोक घाबरून उठायला लागले, हवाईसुंदरी धावत आली. "मी तोंड लपवलं पदरात," अक्का हसत म्हणाल्या. चार दिवसांनी नात झाली. दोघीही छान. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं रे. बाकीचं राखू म्हनतात थेंब घालून. डावा वाचला. डॉक्टर म्हनाले, थोडं आधी आला असता तर आनखी राहिलं असतं."

अक्कांनी ते सहज सांगितलं. मी मात्र दिवस मोजत बसलो. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी खोटं बोललो होतो आणि सकाळी ऑफिसात जाऊन नक्कल केली होती. वही एकदा, फक्त एकदा, मॅडमच्या हातात दिली असती तर? डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, माझा हिशोब मला माहीत होता.

दीड महिन्यानं, सकाळच्या विमानानं अप्पा परत आले. अक्का मागून, नातीचे फोटो दाखवायला आधीच मोबाइल हातात. अप्पांच्या अंगावर तोच शर्ट. धुतलेला होता, पण खिशावर ताज्या खडूची खूण. फुली नव्हती मात्र. एकच तिरपी रेघ.

"अर्दाच फिट झालोय," मी बघतोय म्हटल्यावर ते म्हणाले. "एक रेघ पुसली."

"अप्पा," मी म्हणालो, "मी मॅडमना सांगितलंच नव्हतं. रोज तुम्हाला—"

"म्हायती हाय."

"चुकलं माझं."

त्यांनी खडू काढला. माझ्या निळ्या शर्टावर, छातीवर, फुली मारली आणि पिशवी उचलून रिक्षाकडं गेले.

मी ती पुसली नाही. दुपारपर्यंत तशीच ड्यूटी केली. "काय बे, शर्टाला काय झालं, झटक की," पोरं म्हणाली. मॅनेजरनं विचारलं, मी म्हटलं, सर, सिक आहे मी. त्यांनी औषधाची पेटी दाखवली.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. अप्पा खुर्चीत, पण कठड्याकडं पाठ करून बसलेले. दुर्बीण त्यांनी माझ्यापुढं धरली.

"बग. आनि खरं सांग."

विमान आमच्याकडं तोंड करून आलं. सवय नसल्यानं दुर्बिणीत रान, भिंत, आकाश सगळं नाचत होतं. चाकं टेकली, धूर उडाला.

"पहिल्या रेघेला टेकलं. उजव्या हाताची उठली." मी डावीकडं नीट पाहिलं, श्वास धरून पाहिलं. "डाव्या हाताचीपण उठली, अप्पा. दोन्ही उठल्या. दुसऱ्या रेघेच्या अलीकडं थांबलं."

अप्पा मान तिरकी करून पंख्यांचा आवाज ऐकत होते. "अलीकडं?"

मी पुन्हा बघितलं. मॅडमचं विमान, म्हणून माझी जीभ जरा सैल सुटली होती. "पलीकडं. थोडंसंच, पण पलीकडं गेलं."

"हां." ते उठले, बाही हातात धरली आणि माझ्या छातीवरची फुली घासून घासून पुसली. पार एक कण ठेवला नाही. "फिट," म्हणाले.

मला रडू फुटलं. लपवायला म्हणून मी त्यांच्या खिशावरच्या रेघेकडं हात नेला, म्हटलं हीपण पुसू. त्यांनी माझा हात धरून खाली केला.

"ती ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "ती खरी हाय."